संत्र्याच्या सालींचं वाण

घोरपडेबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे केस ओले होते, पदर कमरेला खोचलेला होता आणि हातात टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली होती. साप पकडून आणावा तशी त्यांनी ती अंगापासून लांब धरली होती.

"वैजयंती, हे काय गं दिलंस आम्हाला वाण म्हणून?"

"काय झालं वहिनी?"

"काय झालं म्हणून विचारते! अगं, साहेब आंघोळीला बसले होते. फाडकन आवाज झाला. मला वाटलं, गीझर उडाला. दार वाजवतेय तर आतून आपले ओरडतायत, मेलो, मेलो! त्यांनी कडी काढली तर डोक्यावरनं संत्र्याचं पाणी गळतंय आणि बाटलीचं झाकण कुठं म्हणशील, तर वरच्या फळीवर साबणाच्या डब्यापाशी जाऊन पडलेलं."

"लागलं का त्यांना?"

"लागलं नाही काही. पण घाबरले केवढे! आता कारखान्यात जाऊन सांगतील, बायकोनं घरात बॉम्ब आणून ठेवला. ही बघ, ही माझ्या बहिणीची बाटली. तिलाही दिली होतीस ना? ही अजून उडाली नाही, पण बघ कशी टम्म फुगलीय ती."

दुसरा कुठला दिवस असता तर मी पोट धरून हसले असते. घोरपडेसाहेब म्हणजे कारखान्याचे इंजिनियर. त्यांच्यासमोर माणसं चळाचळा कापायची. पण त्या दिवशी हसण्यासारखं आमच्या घरात काही नव्हतं. आतल्या खोलीत माझी थोरली जाऊ, कुंदाताई, साड्यांच्या घड्या घालून बॅगेत भरत होत्या. दुपारी त्यांचा भाऊ फलटणहून जीप घेऊन येणार होता आणि त्यांना कायमचं माहेरी घेऊन जाणार होता. आणि माझ्या डोक्यात सकाळपासून एकच चाललं होतं की हिला थांबवायचं कसं.

ही गोष्ट कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीतली. सोळा वर्षं झाली असतील. माझे मिस्टर तिथे लॅबमध्ये होते. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे बाथरूम, एवढं आमचं क्वार्टर. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि कुंदाताई. सासूबाईंना आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. थोरले दीर गावाकडे शेती बघायचे. एका पहाटे छातीत कळ आली आणि गाडी दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत गेले. पोरबाळ नव्हतं. दिवसकार्य उरकल्यावर आत्याबाई कुंदाताईंचा हात धरून आमच्याकडे घेऊन आल्या. तेव्हापासून दोघी इथेच.

कुंदाताई बोलायच्या कमी. कामाला मात्र वाघ. आणि त्यांची एक खोड होती. घरात चार बायका आल्या की त्या उठून मागे जायच्या आणि बाथरूम घासत बसायच्या. लोकांना वाटावं, काम चाललंय बाईचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "ताई, बसा की बाहेर." तर म्हणाल्या, "नको गं. मी बसले की बायका बोलायच्या थांबतात." हे खरंच होतं.

एकदा माझ्याकडे भिशी होती. बायका चांगल्या दोन तास बसल्या. त्या गेल्यावर मी हाक मारली तर मागून ओ नाही. जाऊन बघते तर कुंदाताई बाथरूमच्या भिंतीला टेकून खाली बसलेल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि श्वास काही केल्या घेता येईना. फरशीवर ॲसिड ओतलेलं. त्याचा धूर कोंडलेला. आणि खिडकी घट्ट बंद, का तर ती खिडकी बैठकीच्या खोलीलगतच्या बोळात उघडते, घासल्याच्या आवाजानं बायकांच्या गप्पा थांबू नयेत म्हणून! मी त्यांना ओढत बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं, आणि ते ॲसिडचं कॅन सरळ नेऊन कॉलनीच्या सफाईवाल्याकडे देऊन टाकलं. घरी आल्यावर अशी काही बडबडले म्हणून सांगू! माझा स्वभाव फटकळ. मनात एक आणि जिभेवर दुसरं असं मला आयुष्यात जमलं नाही.

"उद्यापासून हे विष या घरात येणार नाही," मी म्हटलं.

"मग घासायचं कशानं?" कुंदाताईंनी विचारलं. श्वास अजून नीट झाला नव्हता, पण काळजी ती.

माझी एक मैत्रीण कोल्हापूरला. तिनं मला फोनवर सांगितलं होतं, एक वाटी गूळ, तीन वाट्या संत्र्या-लिंबाच्या साली, दहा वाट्या पाणी, सगळं बरणीत घालून तीन महिने ठेवायचं. मग गाळून घ्यायचं आणि त्यानं बाथरूम धुवायचं. मी ते सहज कुंदाताईंना सांगितलं. मला वाटलं, बरं म्हणतील आणि विसरतील.

कुठलं काय! दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या फाटकापाशी जी रसवंती होती, तिथून पिळलेल्या लिंबाच्या साली आल्या. शेजारच्या ज्यूसवाल्याकडून संत्र्या-मोसंबीच्या. गूळ दुकानातला पिवळाधमक नको म्हणाल्या, गुऱ्हाळावरचा काळा गूळ मागवला. लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या रिकाम्या झाल्या. वर चार बोटं जागा सोडून त्या भरल्या आणि बाथरूममध्ये पाणी तापवायच्या बंबाशेजारी, उबेला, नेऊन ठेवल्या. दसरा नुकताच झाला होता. रोज सकाळी कुंदाताई जाऊन झाकण सैल करायच्या. फुस्स करून वारा बाहेर पडायचा. मग पुन्हा लावायच्या.

"हे कशाला रोज?" मी विचारलं.

"आत वारा धरतो गं. गूळ आंबतो ना. वाट दिली नाही तर फुटायचं. गूळ संपला की मग शांत होतं."

तोपर्यंत स्वस्थ बसतील तर शपथ. रिठे फोडून उकळले आणि त्या फेसानं फरशी धुतली. खायच्या सोड्याचं दाटसर कालवण करून टाइलच्या सांध्यांत बोटानं भरलं आणि नारळाच्या काथ्यानं घासून काढलं. पितळी नळाला चिंच आणि मीठ. ते तसलं सगळं माझ्या आजोळीही व्हायचं, पण मी कधी लक्ष दिलं नव्हतं. दिवाळी उलटली आणि एक दिवस मी स्वयंपाकघरात कणीक मळत असताना मागून गुणगुणण्याचा आवाज आला. मी कणकेचा हात तसाच ठेवून ऐकत राहिले. थोरले दीर गेल्यापासून पहिल्यांदा.

पण त्याच दिवाळीत भाऊबीजेला त्यांचा भाऊ आला होता. विलासदादा. माणूस सज्जन. जेवताना म्हणाला, "कुंदा, संक्रांत झाली की येतो तुला न्यायला. तिकडंच राहा आता." कुंदाताई "बरं" म्हणाल्या. आत्याबाई ताटात बघत राहिल्या. मी मिस्टरांकडे बघितलं, मिस्टरांनी माझ्याकडे. माहेरचं माणूस न्यायला आलंय, तिची मर्जी असेल तर आपण कोण अडवणार, असं आमचं सगळ्यांचं झालं. आणि विषय तिथंच मिटला.

माझ्या मनातून मात्र जाईना. मी विचार केला, हिला इथे चार माणसांत जागा मिळाली तर ही जाणार नाही. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ठरवलं की यंदा वाण म्हणून कुंदाताईंचं पाणी लुटायचं. बाजारातून छान झाकणाच्या बाटल्या आणायच्या, गाळलेलं पाणी भरायचं, आणि प्रत्येक सवाशिणीच्या हातात एक.

आत्याबाईंनी ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"काय म्हणालीस? न्हाणी-संडास धुवायचं पाणी वाण म्हणून देणार?"

"का? गेल्या वर्षी नलवडेकाकूंनी भांडी घासायचा साबण दिला होता की."

"साबणाचं निराळं. लोक तोंडात शेण घालतील. आणि हे आंबट ढाण! संक्रांतीला कोण आंबट देतं गं? तिळगूळ घ्या आणि आंबट बोला?"

"आत्याबाई, ते काय प्यायचंय का कुणाला?"

"तुज्यापुढं कोण बोलणार बाई. कर तुला काय करायचं ते."

कुंदाताईंना विचारलं तर त्यांचं वेगळंच. "दे. पण माझं नाव घ्यायचं नाही."

"का म्हणून?"

"वैजू, वाण आहे ते. माझ्यासारखीच्या हातचं म्हटल्यावर कुणी घरात ठेवायचं नाही. तोंडावर हसून घेतील आणि फाटकाबाहेर टाकून जातील. तेवढं मला बघायला लावू नकोस."

मला इतका संताप आला, की कुणावर काढू कळेना. पण शब्द दिला. मग बाटल्या आणल्या, कुंदाताईंनी फडक्यातून दोनदा गाळून, वर दोन बोटं जागा सोडून त्या भरल्या. पाणी कसं, पातळ चहासारखं स्वच्छ. आदल्या दिवशी आम्ही दोघी तीळ आणि फुटाणे आणायला कराडला गेलो. परत येतो तर आत्याबाईंनी सगळ्या बाटल्या टोपल्यांत नीट लावून ठेवलेल्या, वरून माझ्या लग्नातला हिरवा खण झाकलेला. मला नवल वाटलं. कालपर्यंत नाकं मुरडणारी बाई! पण म्हटलं, सुधारली असेल, कशाला बोलून घालवा.

हळदीकुंकू झालं. कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या. पाण्याला हसल्या, वास घेतला, बरंय की म्हणाल्या, घेऊन गेल्या. "घरीच केलं," एवढंच मी सांगितलं. कुंदाताई मागेच होत्या. आणि आठवडा व्हायच्या आत घोरपडेबाई ओल्या केसांनी दारात.

मी त्यांना बसवते न बसवते तोच फाटक वाजलं. नलवडेकाकू. त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी. सगळ्यांच्या हातात बाटल्या. कुणाची फुगलेली, कुणाची झाकण उडून अर्धी झालेली.

"वैजयंती, आमची काल रात्री संडासात उडाली."

"आमची सिलिंडरशेजारी होती गं! आमच्या सासऱ्यांना वाटलं, गॅसच गेला. पायजम्यावर अंगणात पळाले."

"हे केलं कुणी?" नलवडेकाकूंनी विचारलं. त्यांचा आवाज मूळचाच शिक्षिकेचा. "तू तर कधी साधं लोणचं घालत नाहीस. कुणी शिकवलं तुला हे?"

मी शब्दात अडकलेली. "ते... एका ओळखीच्यांनी."

"कोण ओळखीचे? नाव सांग. आम्ही त्यांनाच विचारतो."

"अहो, मीच म्हणा ना."

"म्हणा ना म्हणजे?"

एवढ्यात आतला पडदा बाजूला झाला. कुंदाताई बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हात कोरडे. इथे आल्यापासूनच्या दोन वर्षांत त्या बैठकीच्या खोलीत बायकांसमोर अशा उभ्या राहिलेल्या मी बघितल्या नव्हत्या. खोली गप्प झाली. अगदी त्या म्हणायच्या तशी.

"मी केलंय," त्या म्हणाल्या. "आणा इकडे बाटल्या. हलवू नका कुणी."

घोरपडेबाईंची बाटली त्यांनी सतरंजीवर ठेवली, वर फडकं धरलं आणि झाकण अर्ध्या आट्यानं सैल केलं. फुस्स्स असा लांबलचक आवाज झाला. घोरपडेबाई दोन पावलं मागे सरल्या. मग दुसरी. मग तिसरी. शेवटच्या बाटलीचा वारा गेल्यावर कुंदाताईंनी ती उजेडासमोर धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वैजू, मी या गळ्यापर्यंत भरल्या नव्हत्या."

"नाही. जागा सोडली होती तुम्ही. मी बघितलंय."

"या बघ, काठोकाठ. आणि हे तळाला काय आहे?" तळाशी गढूळसर थर होता. त्यांनी बाटलीत नाक घातलं, मग बोट बुडवून जिभेला लावलं. नलवडेकाकूंनी डोळे मिटून घेतले. "गूळ आहे हा. ताजा. मागनं घातलेला. सगळं शांत झालेलं पाणी पुन्हा आंबायला लागलं. म्हणून फुगल्या."

"मागनं कुणी घातला?" घोरपडेबाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. तो हिरवा खण. त्या नीट लावलेल्या टोपल्या. कराडहून येईपर्यंत घरात एकटं कोण होतं? आत्याबाई दाराशी पाटावर बसल्या होत्या, वाती वळत. सकाळपासून त्यांनी एक शब्द काढला नव्हता. माझा तोल गेला. पाहुण्या बायका बसल्यात, सासू आहे, कशाचं भान राहिलं नाही.

"आत्याबाई, तुम्ही घातलात ना?"

त्यांनी वात खाली ठेवली. "व्हय. मीच घातला."

"हिचं वाण नासावं म्हणून? तुम्हाला पसंत नव्हतं तर मला सांगायचं होतंत, मी दुसरं काही आणलं असतं. पण असा सूड? ही आज निघालीय घरातनं, आणि जाता जाता चार बायकांसमोर हिची ही शोभा?"

"वैजू!" कुंदाताई मला थांबवायला बघत होत्या. पण मी कुठली थांबतेय.

आत्याबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. कॉलनीतल्या त्या सगळ्या बायकांकडे एकदा बघितलं आणि मग कुंदाताईंकडे.

"नासवीन कशापायी गं? बारा वर्सं झाली ह्यास्नी जाऊन. बारा वर्सांत मला कुणी वाण दिलं न्हाई आन् मी कुणाला दिलं न्हाई. संक्रांत आली की मी बी मागच्या दारानं रानात जायची, कुणाला दिसू नये म्हणून. ही न्हाणीत जाऊन बसती तशीच. अन् हिच्या हातचं वाण कॉलनीतल्या घराघरांत जायचं होतं! मग नुसतं आंबट कसं धाडू? म्हणून एकेकीत गुळाचा खडा टाकला. शकुनाचा. आन् बाटल्या वरनं रित्या दिसत व्हत्या. वाण रितं देत न्हाईत, म्हणून बरणीतलं उरलेलं वतून काठोकाठ भरल्या. झाकणं घट्ट लावली, सांडू नये म्हणून. मला काय ठाऊक ते फुटतंय?"

मी तर जागच्या जागी खिळले. लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाटलं ते हे, की एवढी वर्षं एका घरात राहून मला ही बाई कळली नव्हती.

नलवडेकाकूंनी आपली बाटली उचलली. पुन्हा खाली ठेवली. "आधी सांगायला हवं होतं वैजयंती," एवढंच म्हणाल्या, आणि बाटली तिथेच ठेवून चपला घालून निघून गेल्या. त्यांच्यामागे आणखी एक गेली. कुंदाताईंना भीती होती ते त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

घोरपडेबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले की ओल्या केसांचं पाणी पुसलं, मला सांगता येणार नाही.

"शकुनानं आमच्या साहेबांची हजामत झाली म्हणायची," त्या म्हणाल्या. "बरं, कुंदा, आता ही घरी नेली तर पुन्हा उडेल का?"

"झाकण सैल ठेवा, वहिनी. पंधरा-वीस दिवस. गूळ संपला की होईल शांत. आणि शहाबादी फरशीवर टाकू नका हं, आंबटानं दगड पांढरा पडतो. टाइलवर चालेल."

"बघ, हे तू हळदीकुंकवाच्या दिवशीच येऊन सांगितलं असतंस तर? मागं काय करत बसलेलीस?" असं म्हणून त्यांनी आपली बाटली उचलली, जरा विचार केला, आणि नलवडेकाकूंनी ठेवलेलीही उचलली. "ही पण नेते. टाकून कशाला द्यायची चांगली वस्तू."

त्या गेल्या. उरलेल्या दोघीही आपापल्या बाटल्या घेऊन गेल्या, झाकण सैल धरून. खोलीत आम्ही तिघीच राहिलो. पडद्याआड खाटेवर कुंदाताईंची बॅग दिसत होती, भरलेली, चेन लावायची तेवढी बाकी.

मी आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला मध्येच धरलं. "राहू दे. तुजा राग मला पुरून उरलाय. तो तिच्यासाठी व्हता, मला काय कळत न्हाई?" आणि मग माझा हात न सोडता त्या कुंदाताईंना म्हणाल्या, "कुंदा, जाऊ नको गं."

कुंदाताई सतरंजीवर सांडलेलं पाणी टिपत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय म्हणालात?"

"जाऊ नको म्हणलं. तू गेलीस तर मी कुणाशी बोलू? ही दोघं भली हाईत, पण ही दोघं हाईत. माजं दुखणं तुला ठाऊक, तुजं मला. सकाळच्याला उठल्यावर तुजा हंड्याचा आवाज आला न्हाई तर मला वाटंल, घरात कुणीच न्हाई."

"हे आज सांगताय, आत्या? दादा निघालाय तिकडनं."

"तुजा भाऊ न्यायला आला, तू बरं म्हणालीस. मला वाटलं, तुज्या मनात जायचं हाय. मी कशाला आडवी येऊ?"

"माझ्या मनात!" कुंदाताई एकदम हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. "मी बरं म्हणाले, आणि सगळ्यांकडे बघितलं. तुम्ही ताटात बघत होता. भाऊजी हिच्याकडे बघत होते. मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, राहा. एकानंही म्हटलं नाही. म्हणून मी घड्या घालायला लागले. एवढं तोंडातनं निघायला बाटल्या फुटाव्या लागल्या होय गं तुमच्या?"

मी त्यांच्या गळ्यात पडले. वाण काढलं, बाटल्या आणल्या, कॉलनी गोळा केली, आणि दोन अक्षरं तेवढी राहिली होती. मी ती त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हटली. किती वेळा म्हटली कुणास ठाऊक. आत्याबाई दोघींच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मधेच नाक ओढत होत्या.

जीप आली तेव्हा मी भाकरी टाकत होते. विलासदादा पायरीवर चपला काढून आत आला. आत्याबाईंना नमस्कार केला. खोलीत अजून संत्र्याचा आंबूस वास कोंडला होता, त्यानं इकडे तिकडे बघितलं पण काही विचारलं नाही.

"झाली का गं तयारी?" तो बहिणीला म्हणाला. "सामान कुठंय? अंधाराच्या आत पोचू."

कुंदाताईंनी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"दादा, तू जेवून जा."

"मी जेवतो गं. आणि तू?"

"मी इथलीच आहे," कुंदाताई म्हणाल्या. "तू हातपाय धुऊन घे. मी वाढते."